हायब्रीडचा फायदा हायवेवर नाही, गर्दीत

या चर्चेत दोघांनी लिहिलंय की मोठी डिझेल गाडी विकून हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) घ्यायची तर रनिंग हायवेचं हवं. माझ्या मते नेमकं उलटं आहे. शहरात ब्रेक मारताना वाया जाणारी बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि सिग्नलला इंजिन बहुतेक वेळा बंदच असतं. हिंजवडीच्या रांगेत गाडी चक्क मोटरवर सरपटते. हायवेला शंभरच्या वेगात ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत मिळणार काय?

हिशेबातही एक गोम आहे. डिझेल एसयूव्ही शहरात लिटरला १० किलोमीटर देत असेल आणि मारुतीच्या ग्रँड विटारा हायब्रीडने २० दिलं (कंपनीचा २७.९७ चा आकडा जरा बाजूला ठेवू), तर हजार किलोमीटरला ५० लिटर वाचतात. तेच २० वरून २८ वर गेलात तर जेमतेम १४. म्हणजे धूड सोडणाऱ्याचीच खरी चांदी. अर्थात पेट्रोल डिझेलपेक्षा महाग, तो फरक वजा करा.

रडगाणं डिकीचं. खाली बॅटरी असल्याने तळ वर येतो. दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की संपलं. घाट चढताना तीन सिलिंडरचं इंजिन भुणभुणतं, डिझेलच्या टॉर्कची (ओढण्याच्या ताकदीची) सवय असलेल्याला ते खटकणारच. लांब उतारावर बॅटरी भरून जाते, तेव्हा गिअरचं लिव्हर 'बी'वर (इंजिनाने वेग रोखणारा मोड) घ्या, नाहीतर सगळा भार ब्रेकवर. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर उरकू नका, निदान कात्रज तरी चढा.