चित्रपट आणि मालिका यांच्यातील दुवे : तुम्हाला कोणते गवसले?

एखादी मालिका पाहत असताना पडद्यावरची गल्ली, पात्राचे नाव किंवा कॅमेऱ्याची एखादी हालचाल आपण पूर्वी कुठल्यातरी चित्रपटात पाहिली आहे असे वाटू लागते आणि मग तिचे मूळ सापडेपर्यंत चैन पडत नाही. मला हा नाद फार वर्षांपासून आहे. निर्मात्यांनी आधीच आखून एकमेकांत गुंफलेल्या नायक-महानायकांच्या कथा मला येथे अभिप्रेत नाहीत, कारण तेथील दुवे प्रेक्षकाला दाखवून देण्यासाठीच ठेवलेले असतात. मला ओढ आहे ती कामाच्या ओघात निर्माण झालेल्या दुव्यांची : चित्रीकरणाचे तेच आवार, तोच छायालेखक, तोच नट, किंवा एका दिग्दर्शकाच्या मनात घर करून राहिलेला दुसऱ्याचा चित्रपट. असे दुवे ज्यांना गवसले असतील त्यांनी ते सविस्तर लिहावेत, आणि त्यामुळे आपल्या पाहण्यात काय फरक पडला तेही सांगावे, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा १९६७ साली प्रसारित झालेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग माझा अतिशय आवडता आहे. त्यात अंतराळयानाचा कॅप्टन कर्क कालप्रवास करून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचतो आणि एडिथ कीलर या तरुणीच्या प्रेमात पडतो. ते दोघे रस्त्याने चालत असताना मागे एका केशकर्तनालयाच्या काचेवर ‘फ्लॉइड्स बार्बर शॉप’ अशी अक्षरे दिसतात. ‘द अँडी ग्रिफिथ शो’ पाहिलेल्या माणसाला हे दुकान चटकन ओळखू येईल, कारण ते त्या मालिकेतील मेबेरी या काल्पनिक गावातले आहे. दोन्ही मालिकांसाठी कल्व्हर सिटी येथील ‘फॉर्टी एकर्स’ हे एकच आवार वापरले जात होते. या आवाराचा इतिहास शोधत मागे गेलो तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. ‘किंग काँग’ (१९३३) मधील ती प्रचंड भिंत येथेच उभी होती, आणि तीही मुळात सेसिल डी मिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) साठी बांधलेल्या सेटवरून तयार केलेली होती. डिसेंबर १९३८ मध्ये निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी ‘गॉन विथ द विंड’ मधील अटलांटाच्या आगीचे दृश्य चित्रित करण्यासाठी हे जुने सेट पेटवून दिले आणि मोकळ्या झालेल्या त्याच आवारात आपल्या चित्रपटाचे अटलांटा शहर उभे केले. पुढे मेबेरीचे रस्ते म्हणून दिसले ते याच आवारातले.

या साखळीतला सर्वांत हृद्य भाग मालकीचा आहे. ‘फॉर्टी एकर्स’ हे आरकेओ स्टुडिओचे आवार होते. १९३० च्या दशकात ल्युसिल बॉल या आरकेओच्या करारबद्ध अभिनेत्री होत्या आणि तेथे त्यांना मोठ्या नायिकेचे स्थान मिळाले नाही. ‘आय लव्ह ल्युसी’ या मालिकेने त्यांना घराघरांत पोहोचवले, आणि १९५७ मध्ये त्यांच्या व त्यांचे पती देसी अर्नाझ यांच्या देसिलू कंपनीने आरकेओचे स्टुडिओच विकत घेतले. जेथे त्यांनी नोकरी केली, त्या जागेच्या त्या मालकीण झाल्या. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दोन्ही मालिका १९६६ साली याच देसिलूतून बाहेर पडल्या. तेव्हापासून जुन्या मालिकांतल्या गल्ल्यांकडे मी फार लक्षपूर्वक पाहतो.

*

‘आय लव्ह ल्युसी’चा उल्लेख आला म्हणून लिहिते. मला मूकपटांची आवड आहे, विशेषतः १९२० च्या दशकातील जर्मन मूकपटांची. मुर्नाऊ यांच्या ‘द लास्ट लाफ’ (१९२४) मध्ये कॅमेरा ज्या मुक्तपणे फिरतो, त्यामागे कार्ल फ्रॉइंड हे छायालेखक होते; त्या चित्रपटासाठी त्यांनी कॅमेरा स्वतःच्या अंगाला बांधून चित्रण केले होते. फ्रित्स लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’चे चित्रणही त्यांचे आहे. हेच नाव एका विनोदी कौटुंबिक मालिकेच्या श्रेयनामावलीत दिसल्यावर मला ते दुसऱ्या कुणाचे असावे असे वाटणे स्वाभाविक होते, परंतु ते तेच कार्ल फ्रॉइंड होते. ‘आय लव्ह ल्युसी’ समोर बसलेल्या प्रेक्षकांसमक्ष एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित होत असे. तीनही कोनांतून चेहरे चांगले दिसावेत आणि दर दृश्यानंतर दिवे हलवावे लागू नयेत, यासाठी संपूर्ण सेटवर एकसारखा प्रकाश पसरवण्याची पद्धत त्यांनी बसवली. सावल्यांच्या खेळासाठी नावाजलेल्या माणसाने उतारवयात सावल्या घालवण्याचे तंत्र सिद्ध करावे, याचे मला अपार कौतुक वाटते. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या विनोदी मालिका त्यानंतर कित्येक दशके याच पद्धतीने प्रकाशित होत राहिल्या. ‘मेट्रोपोलिस’ आणि ही मालिका मी पाठोपाठ पाहिल्या, तेव्हा दोन्हींत एकच गोष्ट ठळकपणे जाणवली : नट जेथे आहे तेथे प्रकाश त्याच्या मदतीला आलेला असतो.

*

देसिलूच्या दुसऱ्या मालिकेविषयी मला सांगायचे आहे. ‘मिशन : इम्पॉसिबल’ हा १९९६ सालचा चित्रपट मी आधी पाहिला आणि मूळ मालिका नंतर. चित्रपटातील तिजोरीघराचे दृश्य सर्वांना आठवत असेल : छतातून दोरीने उतरणारा नायक, वजन, तापमान आणि आवाज यांपैकी कशानेही वाजू शकणारी धोक्याची घंटा, आणि श्वास रोखायला लावणारी शांतता. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांच्या या दृश्याचे पूर्वज शोधत मी ज्यूल्स डासिन यांच्या ‘तोपकापी’ (१९६४) या चित्रपटापर्यंत पोहोचलो. त्यात इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील रत्नजडित खंजीर चोरण्यासाठी एक जण छतातून दोरीने खाली उतरतो, कारण दालनातील जमिनीला पाय लागताच घंटा वाजणार असते. मालिकेचे निर्माते ब्रूस गेलर यांना ‘मिशन : इम्पॉसिबल’ची कल्पना सुचण्यामागेही ‘तोपकापी’च होता. म्हणजे एका चित्रपटातून मालिका जन्मली, आणि तीस वर्षांनी त्या मालिकेवरून निघालेला चित्रपट पुन्हा मूळ चित्रपटाच्या छतापाशी जाऊन पोहोचला. याच्याही मागे डासिन यांचाच ‘रिफिफी’ (१९५५) आहे, ज्यातील सुमारे अर्ध्या तासाची घरफोडी एकाही संवादाशिवाय आणि पार्श्वसंगीताशिवाय घडते. ज्यांना शांततेचा वापर कसा करावा हे शिकायचे आहे, त्यांनी हे तिन्ही प्रसंग क्रमाने पाहावेत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

एक गोष्ट मात्र मला आजही पटलेली नाही. मालिकेत पीटर ग्रेव्ह्ज यांनी वर्षानुवर्षे साकारलेला जिम फेल्प्स हा अत्यंत विश्वासार्ह नायक चित्रपटात फितूर ठरवला गेला. पटकथेला धक्का हवा होता हे मान्य केले, तरी सात वर्षे चाललेल्या मालिकेच्या प्रेक्षकांनी त्या पात्रावर टाकलेला विश्वास हीदेखील एक मिळकत होती, आणि ती एका वळणासाठी खर्च करणे मला योग्य वाटत नाही. लालो शिफ्रिन यांचे पाच मात्रांचे शीर्षक संगीत तेवढे चित्रपटाने प्रेमाने जपले, हे त्याच्या बाजूने नमूद करायलाच हवे.

*

माझा अनुभव छोटा आहे. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत (१९८७) हनुमानाच्या भूमिकेत दारासिंग यांना पाहिल्यानंतर मी त्यांचा १९७६ सालचा ‘बजरंगबली’ हा चित्रपट पाहिला आणि तेथेही हनुमान तेच होते. मालिकेच्या वेळी ते साठीच्या उंबरठ्यावर होते, तरीही त्यांची निवड किती स्वाभाविक होती हे चित्रपट पाहिल्यावर नीट उमगते. भूमिका त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, त्यामुळे मालिकेत ते शक्तीचे प्रदर्शन जवळजवळ करतच नाहीत. सारा भर रामासमोरच्या नम्रतेवर आहे.

*

पोलंडचे दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांनी तेथील दूरचित्रवाणीसाठी ‘डेकालॉग’ ही एकाच वसाहतीत घडणाऱ्या दहा भागांची मालिका केली आणि त्यातील पाचवा व सहावा भाग वाढवून १९८८ मध्ये चित्रपटगृहांसाठी स्वतंत्र चित्रपट म्हणून प्रदर्शित केले. सहाव्या भागाची दोन्ही रूपे मी लागोपाठ पाहिली, आणि त्या अनुभवाने मला संकलन या कलेविषयी जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

कथा दोन्हींत तीच आहे. टपाल कार्यालयात काम करणारा टोमेक हा एकाकी तरुण समोरच्या इमारतीत राहणाऱ्या माग्दा या स्त्रीकडे दुर्बिणीतून पाहत असतो. ती त्याच्या प्रेमाची थट्टा करते, तो आत्महत्येचा प्रयत्न करतो, आणि मग तिच्याच मनात त्याच्याविषयी काहीतरी जागे होते. मालिकेच्या शेवटी ती टपाल कार्यालयाच्या खिडकीशी येते तेव्हा तो तिला शांतपणे सांगतो की आता तो तिच्याकडे पाहत नाही. भाग तेथेच संपतो, अतिशय कोरडेपणाने. चित्रपटात मात्र माग्दा त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या दुर्बिणीतून स्वतःच्याच घराकडे पाहते, आणि तिला दिसते की पूर्वी एका रात्री ती एकटी रडत बसली होती, तेथे तिचे सांत्वन करायला टोमेक आला आहे. हा शेवट माग्दाची भूमिका करणाऱ्या ग्राझिना शापोवोव्स्का यांनी सुचवला होता. आपल्याला परीकथेसारखा शेवट हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मला कोणता शेवट अधिक खरा वाटतो, तर मालिकेतला. दहा भागांच्या रांगेत एका कथेने असे रिकाम्या हाताने संपणे चालते, कारण त्याच वसाहतीतील पुढच्या घराची कथा लगेच येणार असते. चित्रपटाला ती सोय नसते. त्याला प्रेक्षकाला तेथेच निरोप द्यावा लागतो. माध्यम बदलल्यावर शेवट बदलण्याचे याहून समर्पक कारण मला तरी माहीत नाही. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन यांच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ची (१९८२) १८८ मिनिटांची चित्रपटगृहातील आवृत्ती आणि ३१२ मिनिटांची दूरचित्रवाणीवरील आवृत्ती यांची तुलनाही कुणीतरी येथे करावी.

*

डेव्हिड लिंच यांची ‘ट्विन पीक्स’ (१९९०) ही मालिका जुन्या हॉलिवूडवरील प्रेमाने भरलेली आहे. खून झालेल्या लॉराचे नाव आणि तिची वारंवार दिसणारी तसबीर ‘लॉरा’ (१९४४) या रहस्यपटाची आठवण करून देतात. त्यातही मृत मानल्या गेलेल्या लॉराचे तैलचित्र सगळ्या कथेवर पहारा देत असते. त्या चित्रपटातील वाल्डो लायडेकर आणि चित्रकार जॅकोबी यांची नावेसुद्धा मालिकेत एका मैनेला, एका पशुवैद्याला आणि एका मानसोपचारतज्ज्ञाला वाटून दिलेली आहेत. लॉराची हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, काळ्या केसांची नात्यातली बहीण मॅडी फर्ग्युसन पाहताच हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’तील मॅडलिन आणि स्कॉटी फर्ग्युसन आठवल्यावाचून राहत नाहीत. हे सारे शोधताना मी मालिका तिसऱ्यांदा नव्याने पाहू लागलो, कारण एका मुलीच्या खुनाची गोष्ट हळूहळू, पडद्यावर स्त्रीची प्रतिमा कशी घडवली आणि उगाळली जाते याची गोष्ट वाटू लागली.

उलट दिशेचा दुवाही लिंच यांच्याकडेच आहे. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ हा मुळात मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झाला होता. वाहिनीने तो नाकारला, फ्रेंच कंपनीकडून पैसा उभा राहिला, नवी दृश्ये जोडली गेली आणि २००१ मध्ये कान महोत्सवात त्यासाठी लिंच यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला. चित्रपटात काही पात्रे एकदाच येऊन नाहीशी होतात, ती बहुधा पुढच्या भागांसाठी राखून ठेवलेली असणार. ते सुटलेले धागेच आता त्या चित्रपटाला स्वप्नाची रीत देतात.

*

खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा न्यायसहायकांच्या (ज्युरींच्या) खोलीत घडणारे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे नाट्य प्रथम १९५४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर थेट प्रसारित झाले आणि १९५७ मध्ये सिडनी लुमेट यांनी त्यावर आपला पहिला चित्रपट केला. वृद्ध न्यायसहायक आणि घड्याळजी या भूमिकांत जोसेफ स्वीनी व जॉर्ज वोस्कोव्हेक दोन्हीकडे आहेत. थेट प्रसारणात नटांना थांबायला वाव नव्हता. चित्रपटात लुमेट यांनी हळूहळू लांब पल्ल्याची भिंगे वापरत आणि कॅमेरा खाली आणत ती खोली आवळत नेली. त्याच दोन नटांचे चेहरे दोन्हीकडे पाहिले की या तंत्राचा परिणाम फार स्वच्छ कळतो.

याच नाट्यावर बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला. त्यात शेवटपर्यंत अडून बसणारे पंकज कपूर नुकतेच ‘करमचंद’ या मालिकेतून गुप्तहेर म्हणून लोकप्रिय झालेले होते, तर एकट्याने शंका उपस्थित करणाऱ्या के. के. रैना यांना चटर्जी यांनी पुढे १९९३ च्या ‘ब्योमकेश बक्षी’ मालिकेत ब्योमकेशचा मित्र अजित म्हणून घेतले. ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. खोलीत अकरा जणांचे ऐकून घेत पुराव्यातील एकेक फट दाखवणारा तो शांत, सभ्य आवाज मालिकेत ब्योमकेशचे तर्क ऐकून प्रेक्षकांच्या वतीने प्रश्न विचारतो, आणि रजित कपूर यांचा ब्योमकेश बोलत असताना माझे लक्ष पुष्कळदा अजितच्या चेहऱ्याकडेच असते.