ऑफिसातल्या सगळ्या पीसींची वेळ एक कशी ठेवायची?

कारकून_सांगली: मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे १८ पीसी, एक विंडोज सर्व्हर (डोमेन आहे, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन त्याच्यामार्फतच) आणि हजेरीचं थंब मशीन. प्रत्येकाची वेळ वेगळी! थंब मशीन सहा मिनिटं पुढे, त्यामुळे ९:५५ ला आलेल्यालाही लेट मार्क. सोमवारी दोन पीसी 'वेळेत फरक आहे' म्हणत लॉगिनच होईनात. मी दर आठवड्याला मोबाइल बघून हाताने वेळ लावतो. कायमचा इलाज सांगा, शक्यतो फुकटातला. साहेब पैसे सोडत नाहीत.

जुना_नेटवर्कवाला: आधी हाताने लावणं बंद करा. डोमेनमधले पीसी सर्व्हरची वेळ घेतात, आपण मध्ये पडायचं नाही. फरक ५ मिनिटांवर गेला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी यंत्रणा, दारातच अडवतं, तेच तुमचं लॉगिन. फक्त पीडीसी एम्युलेटर (डोमेनला वेळ देणारी मुख्य भूमिका) असलेल्या सर्व्हरला एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने, बाहेरची वेळ द्या. फायरवॉलमध्ये एनटीपीचा यूडीपी १२३ पोर्ट त्या सर्व्हरपुरताच उघडा. आणि सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर होस्टकडून (तो ज्या खऱ्या मशीनवर चालतो त्याच्याकडून) वेळ घेणं बंद करा, नाहीतर दोन मालकांचा एक नोकर होतो.

बटणसेल: ते दोन पीसी रात्री मेन स्विचवरून बंद करता का? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा, वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. बाकी सगळं नंतर.

पुणे_ॲडमिन: बाहेरची वेळ दिल्लीच्या एनपीएलकडून (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) घ्या. भारतीय प्रमाणवेळ त्यांच्याच अणुघड्याळांवर चालते. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जोडा असंच आहे. लॉग (कधी काय झालं याच्या नोंदी) तपासायची पाळी आली की याची किंमत कळते.

जुना_नेटवर्कवाला: बरोबर. वेळेच्या सर्व्हरचे पत्ते मात्र तीन-चार टाका. दोनच असले आणि त्यांचं पटलं नाही, तर खोटं कोण बोलतंय हे कसं ठरवणार?

कारकून_सांगली: बटणसेल, पायाचे ठसे द्या! दोन्ही सेल गेलेले निघाले, चालू केलं की तारीख १ जानेवारी. सर्व्हरही व्हर्च्युअलच, होस्ट चार मिनिटं मागे. होस्टचं बंद केलं, एनपीएल लावलं, पीसी सगळे एका सुरात. पण थंब मशीनच्या मेनूत एनटीपी कुठे दिसत नाही.

जुना_नेटवर्कवाला: त्याचं सॉफ्टवेअर ज्या पीसीवर आहे तिथे मशीनची वेळ पीसीशी जुळवायचं बटण शोधा, बहुतेकांत असतं. पण सगळे घरी गेल्यावरच दाबा. भर गर्दीत घड्याळ सहा मिनिटं मागे आलं तर आधी आलेला नंतर आलेला दिसेल, आणि लोक तुमच्याच टेबलाशी येतील.