ठेकेदारी आणि घरचा पापड-वेफर्सचा धंदा: एकच फर्म की वेगळ्या कंपन्या?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. पाचोऱ्याकडचा आहे. माझ्या नावावर प्रोप्रायटरी फर्म आहे, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकामची लहान कामं घेतो: गटारी, शाळाखोल्या, रस्त्याची डागडुजी. घरी आई आणि बायको उडदाचे पापड, बिबड्या, केळीचे वेफर्स करतात. आधी गल्लीपुरतं होतं. आता पुणे आणि सुरतचे दुकानदार माल मागतात आणि पक्कं बिलही मागतात. आतापर्यंत पैसा सगळा माझ्याच खात्यावर. सासरे म्हणतात दोन प्रायव्हेट लिमिटेड काढा, मेहुणा म्हणतो आहे त्या फर्ममध्येच चालू द्या. काय करावं? आणि सीए निवडताना काय बघावं?

तापीमाय
बठ्ठा पैसा एकच खातामा नको ठेवू भाऊ. बिल मार्चला लटकलं की उडदाचे पैसे पण लटकतात, आणि घरात बोलणी खायची तुलाच.

जुना ठेकेदार, भुसावळ
मेहुण्याचं ऐकू नका, सासऱ्यांचं पण लगेच ऐकू नका.

आधी जीएसटी. नोंदणी पॅनवर चालते, धंद्याच्या नावावर नाही. तुमच्याच पॅनवर वेफर्स विकले तर ठेक्याची आणि वेफर्सची उलाढाल एकत्र मोजणार, आणि तुम्ही आधीच नोंदणीत असल्याने पहिल्या पाकिटापासून कर. पापड करमुक्त आहे, पण तीही विक्री एकूण उलाढालीत धरतात. वर सामाईक खर्चावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट) करमुक्त मालाच्या प्रमाणात परत करत बसा. हा हिशेब दर महिन्याला डोकं खातो.

बायकोच्या पॅनवर धंदा वेगळा केला तर नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तुमची गोम सुरतमध्ये आहे! नवापूर ओलांडलं की राज्य बदललं. फक्त पापड पाठवला तर चालेल, तो करमुक्त आहे. वेफर्सचं एक खोकं जरी गुजरातला गेलं तर उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) जायचा विचार असेल तर तोही सुरतेपायी बाद, कारण त्यात परराज्यात माल विकता येत नाही.

ठेकेदारीची फर्म मात्र आहे तशीच राहू द्या. बांधकाम खात्यातली नोंदणी, तिचा वर्ग, केलेल्या कामांचे दाखले, सगळं त्या नावावर आहे. नवी कंपनी काढली म्हणून ते आपोआप तिकडे जात नाही. अनामत आणि दोषदायित्वातली (काम झाल्यावर ठराविक मुदत दुरुस्तीची जबाबदारी आपली, त्यासाठी अडकवलेली) सुरक्षा ठेव पण जुन्याच नावाने अडकलेली असणार.

रावेरची केळीबाग
दोन प्रायव्हेट लिमिटेडला काय वाईट आहे? मालकाची जबाबदारी मर्यादित राहते. उद्या कामात वाद झाला तर घर वाचतं.

जुना ठेकेदार, भुसावळ
दादा, कागदावर वाचतं. बँक सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याला खेळतं कर्ज) देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते आणि वर घर गहाण लिहून घेते. मग मर्यादित काय राहिलं? शिवाय कंपनीला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट सक्तीचं, आणि वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. पापडाच्या धंद्यावर हे ओझं आज कशाला? दुकानं वाढली, बाहेरचा भागीदार आला, की तेव्हा बघा.

गिरणाकाठ, खरा धोका वेगळाच आहे. तुमच्या सीसीला बायकोला जामीनदार करू नका. बँकेचा माणूस सहज म्हणतो, "वहिनींची पण सही घेऊन टाकू." ती सही झाली की वेगळं पॅन, वेगळं खातं, सगळं फुकट. तुमचं खातं थकलं की बँक त्यांच्याही मागे लागणार.

सीए_धुळे
वरच्यात थोडी भर. बायकोला भांडवल बक्षीस म्हणून दिलंत तर त्या भांडवलावरचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यापेक्षा बँकेतून, लेखी आणि रास्त व्याजाने कर्ज द्या. सासू-सुनेची भागीदारी पण होईल, पण फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर. नफा लहान असताना बायकोची प्रोप्रायटरी परवडते, तिला स्लॅब मिळतो, म्हणजे कमी उत्पन्नाला कमी दर.

टेम्पो दोन्हीकडे वापरणार असाल तर भाडं लावून बिल करा. नात्यातल्या फुकट सेवेवरही जीएसटीत कर लागू शकतो.

सीएला एकच विचारा: सरकारी खातं अडीच लाखांवरच्या कंत्राटात २ टक्के जीएसटी टीडीएस (बिलातूनच आधी कापलेला कर) कापतं, तो पोर्टलवर स्वीकारून कॅश लेजरला (पोर्टलवरच्या आपल्या जीएसटी खात्याला) तुम्ही घेता का? "म्हणजे काय?" असं तोंड झालं तर उठा.

रावेरची केळीबाग
बरं, जबाबदारीचं मान्य. वेफर्ससाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं पण विचारून या. जळगाव जिल्ह्याचं पीक केळीच आहे त्यात. यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, तेही बँक कर्जाला जोडून. एका कुटुंबात एकालाच मिळतं, म्हणून अर्ज कोणाच्या नावावर ते आधी घरात ठरवा. सध्या अर्ज घेतात का ते कृषी खात्यात विचारा.

गिरणाकाठ
आभार सगळ्यांचे. मग फर्म तशीच, बायकोच्या नावाने नवी प्रोप्रायटरी, चालू खातं वेगळं. मेहुण्याने पाकिटाचं डिझाइन छापायला दिलंय, माझ्या फर्मच्या नावाने.

जुना ठेकेदार, भुसावळ
आजच फोन करून थांबवा. पाकिटावरचं नाव, पत्ता आणि फूड लायसन्सचा नंबर ही तिन्ही एकाच मालकाची असायला हवीत. लायसन्स वहिनींच्या नावाने हातात आलं की मगच छपाई.