मदत हवी आहे: जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) काढून २० आयपी फोन लावायचे आहेत

खटपट्या
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं दोन मजली ऑफिस. अ‍ॅनालॉग ईपीएबीएक्स काढून आयपी पीबीएक्स (कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारं एक्स्चेंज) बसवतोय. टेबलावरचे फोन २०: १८ साधे (पीओई, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारे; विजेचा वर्ग क्लास २), २ मोठ्या स्क्रीनचे (क्लास ३). स्विच २४ पोर्टचा, ८०२.३एएफ (पीओईचं मानक), एकूण पीओई क्षमता १८५ वॅट. उरलेल्या ४ पोर्टवर कॅमेरे लावायचा विचार आहे. प्रत्येक टेबलाला कॅट सिक्स नेटवर्क केबलचा एकच पॉइंट, त्यावर कॉम्प्युटर चालतो. गेटवरची केबिन स्विचपासून १२० मीटरवर. तिथपर्यंत जुनी टेलिफोन केबल जमिनीखालून गेलीय. काय काय सांभाळावं?

तारतम्य
आधी वॅटचा हिशोब. क्लास २ साठी स्विच ७ वॅट राखून ठेवतो, क्लास ३ साठी १५.४. म्हणजे १२६ अधिक ३०.८, झाले १५६.८. फोन बसतात. चार क्लास ३ कॅमेरे जोडलेत की २१८.४ होतात आणि कुठल्यातरी पोर्टला वीज मिळत नाही. प्राधान्य ठरवून दिलं नसेल तर बऱ्याच स्विचवर मोठ्या नंबरच्या पोर्टचा बळी आधी जातो. काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजून वाटप करतात. तिथे दिवसभर सगळं सुरळीत आणि रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की फोन बंद. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच घ्या.

एका पॉइंटवर दोन्ही चालतील: भिंतीतली वायर फोनच्या लॅन पोर्टला, फोनच्या पीसी पोर्टमधून कॉम्प्युटर. फोनसाठी वेगळा व्हॉइस व्हीलॅन (त्याच वायरीवरचं वेगळं नेटवर्क) करा. स्विचवर एलएलडीपी-मेड (फोनला सेटिंग कळवणारी सोय) चालू असेल तर फोन तो आपणहून उचलतो. सफाईवाले किंवा टेबल हलवणारे कधीतरी फोनच्या दोन्ही पोर्टच्या वायरी भिंतीत खोचतात, मग लूप होऊन, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहून, अख्खं नेटवर्क झोपतं. स्विचमधल्या लूप रोखणाऱ्या सोयी, स्पॅनिंग ट्री आणि लूप डिटेक्शन, आधीच चालू ठेवा. रिसेप्शनच्या फोनचा पीसी पोर्ट बंदच करा, तिथे बाहेरचे लोक बसतात.

क्रोनवाला
गेटसाठी जुनी केबल टाकून देऊ नका. इथरनेटची मर्यादा १०० मीटर, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची कॅट सिक्स म्हणजे वळवाच्या पावसात विजेला आमंत्रण. एक एफएक्सएस गेटवे (आयपी पीबीएक्सला साधा फोन जोडणारा डबा) घ्या, जुन्या केबलमधल्या तारांच्या जोडीवर साधा अ‍ॅनालॉग फोन लावा. १२० मीटर त्याला काहीच नाही. दोन्ही टोकांच्या क्रोनवर (टेलिफोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) जीडीटीचे सर्ज मॉड्यूल (विजेचा झटका जमिनीत सोडणारे) बसवा आणि त्यांना खरं अर्थिंग द्या, नाहीतर ते नुसते शोभेचे. घंटी वाजताना त्या जोडीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, त्यामुळे पंचिंग करताना (क्रोनमध्ये तारा दाबून बसवताना) गेटवेकडची लाइन सोडवून ठेवा. आणि ही जोडी आयपी फोनच्या पोर्टमध्ये चुकूनही खुपसू नका.

खटपट्या
उत्तम. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच घेतो. वायफाय रेडिओबरोबर आलेले २४ व्होल्टचे पीओई इंजेक्टर पडून आहेत, एक-दोन फोनला चालतील का?

तारतम्य
नाही. ८०२.३एएफ स्विच आधी समोर २५ किलोओहमची खूण आहे का ते तपासतो आणि मगच साधारण ४८ व्होल्ट सोडतो. तुमच्याकडचा पॅसिव्ह इंजेक्टर काही न विचारता व्होल्टेज ढकलतो. फोन चालू होणार नाही, झालाच तर खराब होईल. अ‍ॅडॉप्टरचंही तेच. ५ व्होल्टच्या फोनला त्याच पिनचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागला की बोर्ड गेलंच. पॅच कॉर्डही शुद्ध तांब्याच्या घ्या. स्वस्तातल्या सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या) वायरीत व्होल्टेज पडतं आणि जुडगा तापतो.

नोंदवही
विजेइतकाच धोका बिलाचा आहे, त्याबद्दल कोणी बोललं नाही: चोर इंटरनेटवरून पीबीएक्समध्ये शिरून तुमच्या बिलावर परदेशी कॉल करतात. फोनचे फॅक्टरी पासवर्ड बदला. एक्स्टेन्शन २०५ चा पासवर्ड २०५ ठेवणं म्हणजे कुलपाला किल्ली लावून जाणं. राउटरवर ५०६० पोर्ट (आयपी कॉल जोडणाऱ्या सिपचा) सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, फक्त सेवादात्याच्या आयपीपुरता. आयएसडी (परदेशी कॉल) लागत नसेल तर पीबीएक्सवर आणि सेवादात्याकडे, दोन्हीकडे बंद करून घ्या. चोर फोन करतात ते शनिवारी रात्री.

राउटरमधलं सिप एएलजीही (सिपचे संदेश वाटेत बदलणारी सोय) बंद करा. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर पहिला संशय त्याच्यावर: उत्तराची पोच पोचत नाही आणि ठरलेला टायमर संपतो.

क्रोनवाला
स्विच, पीबीएक्स आणि फायबरचा डबा (इंटरनेटचं कनेक्शन) एकाच यूपीएसवर घ्या. तरी एक साधी लाइन आणि वीज न लागणारा फोन खाली राहू द्या.