प्रतिसाद: फ्रिज बिघडलेला नसावा

तुमच्या कॅम्पर गाडीतला (मुक्कामाची सोय असलेल्या गाडीतला) अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय, गॅसच्या ज्योतीच्या किंवा विजेच्या उष्णतेवर चालणारा, रात्री गार आणि दुपारी कोमट असतो म्हणता; एवढ्यावरून तो गेला म्हणू नका. मेकॅनिकने "गॅस संपला, भरून घ्या" सांगितलं म्हणता, ते कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजचं. आपल्या या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत कायमचे बंद असतात. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली, तर मात्र गळती समजा आणि लगेच बंद करा.

आपल्याकडे चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. हा फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 20-25 अंशच खाली जातो, मग दूध नासणारच! ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे गेलो की मी मोहाच्या सावलीत गाडी लावतो, फ्रिजमागची गरम हवा जिथून बाहेर पडते ती जाळीची बाजू पश्चिमेच्या उन्हापासून लपवून. मागे कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे बसवलेत, गरम हवा वर ढकलायला. बराच फरक पडला.

गाडी समतल हवी. धुऱ्यावर एक चाक चढवून ठेवलं तर नळ्यांतला द्रव नीट परत येत नाही, बॉयलर (द्रव तापवणारा भाग) जास्त तापतो आणि युनिट कायमचं जातं. 12 व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर, फ्रिज फक्त चालत्या गाडीत लावा, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली.

गेल्या पावसाळ्यानंतर माझा फ्रिज सिलेंडरच्या गॅसवर पेटेचना. बर्नरचं झाकण काढलं, तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, अगदी बोटाएवढं. सिलेंडर बंद करून मऊ ब्रशने काढलं. जेटमध्ये (गॅस बाहेर येतो त्या बारीक भोकात) सुई घालू नका, भोक मोठं होतं. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर काजळी धरते.