मदत हवी आहे: अवयव पडतच नाहीत, सकाळी वही दाखवायची आहे

बोरीकाठ (अमळनेर): पोरगी सहावीला. क्लासची शीट आहे, मूळ अवयवांच्या गुणाकारात लिहायचं. एकाच गणितावर दीड तास गेला. २, ३, ५, ७, ११ सगळं झालं, कशानेच भाग जात नाही. 'मूळ संख्या' लिहून मोकळं होऊ का? लवकर सांगा.

भरीत_पार्टी: भाऊ, संख्या कोणती शे ते तं सांग!

बोरीकाठ: ३५९९. घाईत राहिलं.

रावेरची_केळी: सोपं आहे. अंकांची बेरीज २६. सव्वीस तेराच्या पाढ्यात येतात, म्हणजे १३ ने भाग जाणार.

निवृत्त_मास्तर (धुळे): बेरजेची कसोटी ३ आणि ९ ला चालते, तेराला नाही. १३ × २७६ = ३५८८, बाकी ११. लेकराला भलतं शिकवू नका.

रावेरची_केळी: मदतच करत होतो. तुम्ही सांगा मग.

सातपुडा७२: अबॅकस लावा पोरीला. आमचा पुतण्या लसावि-मसावि तोंडी काढतो.

भरीत_पार्टी: लसावि कोणी विचारला?

निवृत्त_मास्तर: बोरीकाठ, कुठपर्यंत तपासलं?

बोरीकाठ: ४७ पर्यंत मी. ती म्हणते ५३ पण केलं. अजून किती? ३५९९ पर्यंत जायचं का?

निवृत्त_मास्तर: वर्गमुळापर्यंत जायचं. ६० × ६० = ३६००. दोन्ही अवयव साठ किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार ३६०० च्या खाली आलाच नसता. म्हणून साठच्या आतल्या मूळ संख्या पुरतात. त्या १७ आहेत, तुम्ही १६ करून उठलात! बरं, शीटवर याच्या वर कोणतं गणित होतं?

बोरीकाठ: (अ) ३६००. ते सोपं होतं, तिने केलं. २ × २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ५. म्हणून लिहिलं नाही.

निवृत्त_मास्तर: अहो, तेच तर सांगायचं होतं! ३६०० मधून १ गेला की ३५९९. साठ साठांच्या साठ ओळी मांडा. एक ओळ उचला, उरल्या ५९ ओळी. उचललेल्या साठांतला एकेक प्रत्येक ओळीला वाटा. ५९ ओळी ६१ च्या झाल्या, हातात एक उरला. तो बाजूला ठेवा. ५९ × ६१ = ३५९९.

बोरीकाठ: आयला. आणि दोन्ही मूळच?

निवृत्त_मास्तर: दोन्ही मूळ. जोडमूळ संख्या.

सातपुडा७२: १ × ५९ × ६१ लिहायला सांगा, एकचे मार्क कापतात.

निवृत्त_मास्तर: एक मूळ संख्या नाही. एकाला मूळ धरलं तर १ × १ × १ असं लिहीतच बसाल आणि एका संख्येची शंभर उत्तरं होतील.

चाळीसगावकर: गणित म्हटलं की आमचं पाटण सांगावंच लागतं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ चा शिलालेख इथे आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. खान्देशातच!

सातपुडा७२: भास्कराचार्य विजापूरचे म्हणतात.

चाळीसगावकर: ते वेगळा धागा काढून बोला. शिलालेख तर इथे आहे ना?

भरीत_पार्टी: रात्रीचे साडेदहा वाजले, पोरीला झोपू द्या.

बोरीकाठ: एकच राहिलं. (इ) ३६०१. यालाही हीच युक्ती का?

निवृत्त_मास्तर: नाही. इथे एक वाढलाय, ओळी जुळत नाहीत. पण मघाशी १३ ने भागताना ११ उरले होते. त्यात दोन मिळवा.

बोरीकाठ: १३ × २७७! २७७ मूळ आहे का?

निवृत्त_मास्तर: १७ × १७ = २८९. म्हणजे १३ पर्यंतच बघा.

बोरीकाठ: कशानेच जात नाही. झालं.

रावेरची_केळी: मी पहिल्यापासून तेराच म्हणत होतो.