मदत हवी आहे: वीज-नळ नसलेल्या जागेवर एका खोलीचं घर, मोजक्या पैशात आधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आली. आमच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा आला आहे. थोडा उतार आहे. वरच्या अंगाला दाट झाडं, खालच्या अंगाला मोकळी जागा आणि तिथेच एक जुनी विहीर. विजेचा खांब इतका लांब की तिथून तारा ओढायच्या खर्चात घर बांधून होईल. नळाचा तर प्रश्नच नाही.

तिथे एक खोली (आतून १० फूट बाय १५ फूट), पुढे ओसरी, एक ओटा आणि मागे संडास-न्हाणी एवढंच बांधायचं आहे. आधी शनिवार-रविवारपुरतं, पुढे जमलं तर महिना-दोन महिने सलग. माणसं दोन, कधीमधी चार. कर्ज काढायचं नाही असं घरात पक्कं ठरलंय. छताला पत्रा, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच जोतं, इथपर्यंत आमचं एकमत आहे.

अडलंय विजेवर. गेले दोन महिने मी रोज रात्री हेच गणित मांडतेय:

७ वॅटचे ४ दिवे, ५ तास: १४० वॉट-तास
७५ वॅटचे २ पंखे, १० तास: १५००
लॅपटॉप ५० वॅट, ४ तास: २००
दोन फोन: ३०
छोटा फ्रिज: अंदाजे १०००
अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, अर्धा तास: २५०

म्हणजे दिवसाला ३१२० वॉट-तास. उन्हाचे चांगले ४ तास आणि ३० टक्के गळती धरली तर ११०० वॅटच्या वर पॅनेल लागतात. ते एक वेळ परवडतील. पण दोन दिवस ढगाळ गेले तरी चालावं म्हणून बॅटरी काढायला बसलं की पोटात गोळा येतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हणतात. मग १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीतून हाती लागतात ९०० वॉट-तास, आणि अशा ७ लागतात! तिथेच निम्मं बजेट संपतं, आणि अजून भिंत उभी राहिलेली नाही.

तर प्रश्न असे. लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम? सगळं १२ व्होल्टवर चालवावं का? पॅनेल झाडांमुळे छतावर नको, १५ मीटरवर मोकळ्यात लावावं लागेल. बॅटरीही तिथेच पेटीत ठेवली तर? आणि संडासाला सेप्टिक टाकी करावी की साधा शोषखड्डा पुरे?

एक ४०० वॅटचं जुनं पॅनेल आणि एक स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी भरताना मधे बसणारं नियंत्रक यंत्र, साध्या प्रकारचं) आधीच घेऊन ठेवलाय. ओळखीतून अर्ध्या हॉर्सपॉवरचा, काठावर बसवायचा पंपही फुकट मिळतोय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

तुमचा हिशेब बरोबर आहे, यादी चुकली आहे. पॅनेल-बॅटरी मोजण्याआधी यादीला कात्री लावा.

७५ वॅटच्या पंख्याऐवजी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा घेतला तर तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅट लागतात. दोन पंख्यांचे १५०० होते त्याचे ६०० झाले. शनिवार-रविवारसाठी फ्रिज कशाला? पहिलं वर्ष त्याच्याशिवाय काढा, हजार वाचले. पंप बॅटरीवर चालवूच नका. दुपारी ऊन असताना पाणी टाकीत चढवून ठेवायचं. टाकीतलं पाणी हीच साठवलेली वीज, आणि ही ‘बॅटरी’ कधी जुनी होत नाही.

यादीत एक गोष्ट धरायची राहिली आहे, ती म्हणजे इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज घरगुती एसीत बदलणारं यंत्र) स्वतः जे खातो ते. काही जोडलेलं नसलं तरी मध्यम इन्व्हर्टर १५ वॅट सहज घेतो. दिवसरात्र चालू राहिला तर ३६० वॉट-तास नुसते त्याच्या पोटात, म्हणजे तुमच्या चारही दिव्यांच्या अडीचपट. म्हणून दिवे आणि पंखे थेट डीसीवर घ्या आणि इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता चालू करा: ४ तास, ६० वॉट-तास.

आता पुन्हा बेरीज करा: १४० + ६०० + २०० + ३० + ६० = १०३०. तुमच्या आकड्याचा तिसरा हिस्सा! दोन दिवसांचे २०६०. लिथियम आयर्न फॉस्फेटची २५६० वॉट-तासाची बॅटरी ८० टक्के वापरली तरी जवळजवळ एवढं निघतं. सात बॅटऱ्यांच्या जागी एक. हप्त्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला लेड-ॲसिडचा आणखी एक जाच म्हणजे ती अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी मरते. लिथियमला ती तक्रार नाही. तिला फक्त शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही, तुमच्याकडे तेवढी थंडी पडत असेल तर खोलीच्या आत ठेवा.

वाचलेल्या पैशातून ४०० वॅटचं दुसरं पॅनेल घ्या. हिशेबाने एक पुरतं, पण ढगाळ दिवशी उत्पादन पाव भागावर येतं तेव्हा दुसऱ्याची किंमत कळते.

प्रतिसाद

वरच्यांना अनुमोदन. पण ताई, राग मानू नका, दोन महिने तुम्ही विजेचं गणित करताय आणि विहिरीचं पाणी किती खोल आहे ते एका शब्दाने लिहिलेलं नाही. विजेशिवाय माणूस कंदिलावर महिना काढतो, पाण्याशिवाय दुसऱ्या दिवशी परत फिरतो.

पावसाळ्यानंतर विहीर बघून खूश होऊ नका. कोरड्या दिवसांच्या शेवटी जा, दोरीला दगड बांधून सोडा, काठापासून पाणी किती खाली आणि पाणी स्वतः किती खोल, दोन्ही मोजा. हा आकडा हाती आल्याशिवाय तो फुकटचा पंप घरी आणू नका. काठावर बसणारा पंप पाणी वर ‘ओढत’ नाही, तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब कागदावर १० मीटरच्या आसपास पाणी चढवतो, प्रत्यक्षात ७ मीटर मिळाले तरी नशीब. पाणी त्याखाली असेल तर पाच हॉर्सपॉवर लावा, काठावरून थेंब येणार नाही. मी हे एकदा स्वतः करून, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) तीनदा बदलून शिकलोय, म्हणून सांगतो.

आता खरी काळजीची गोष्ट. विहीर खालच्या अंगाला, घर वर, संडास घराच्या मागे म्हणजे आणखी वर. आणि त्याला शोषखड्डा? खड्ड्यातून झिरपलेलं पाणी उतारानेच जाणार. विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, आणि विहिरीच्या वर तर नकोच. जमीन मुरमाड किंवा भेगाळ खडकाची असेल तर ३० मीटरवरही मी विसंबणार नाही. तुमचं घर अजून कागदावर आहे हे बरं, आखणी बदलायला खोडरबर पुरतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. फ्रिज कापला (नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). विहिरीचं वाचून मात्र छातीत धस्स झालं. संडासाची जागा आम्ही फक्त ‘दिसू नये’ एवढ्याच विचाराने ठरवली होती.

सेप्टिक टाकी केली तरी तिचं पाणी शेवटी जमिनीतच सोडायचं ना? मग काय करू?

प्रतिसाद

कोरडा संडास. नाक मुरडू नका, आमच्याकडे नऊ वर्षं आहे.

शेजारी-शेजारी दोन कप्पे, जमिनीच्या वर, तळ पक्का. एका वेळी एकच वापरायचा. लघवी समोरच्या वेगळ्या भोकातून नळीने बाहेर काढायची. घाण वास येतो तो दोन्ही एकत्र झाल्यामुळे, वेगळं ठेवलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. प्रत्येक वेळी वरून डबाभर लाकडाचा भुसा, राख किंवा कुस्करलेला सुका पाला. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, धुण्याची जागा बाजूला वेगळी. मागून एक उभा पाइप छताच्या वर काढा आणि त्याच्या तोंडाला जाळी मारा, नाहीतर माश्या. पहिला कप्पा भरला की बंद करून निदान वर्षभर तसाच ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. वर्षाने जे निघतं ते मातीसारखं असतं. आम्ही ते झाडांना घालतो, भाजीला घालत नाही.

यात शोषखड्डाच नाही, त्यामुळे विहिरीची धास्ती बरीच उतरते. तरीही विहिरीपासून लांबच बांधा. न्हाणीचं आणि ओट्याचं पाणी झाडांच्या आळ्यात सोडा, आळ्यात पालापाचोळा भरा, साबण बेताने वापरा. पाणी कुठेही उघडं साचू द्यायचं नाही, डास होतात.

पावसाचं पाणीही सोडू नका. १ चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ओसरीसकट तुमचं छत २५ चौरस मीटर धरलं आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी दर मिलिमीटरला २० लिटर हाती येतात. ५०० मिलिमीटर पावसात १०,००० लिटर. दोघांना रोज ८० लिटर धरले तर सव्वाशे दिवस. अर्थात तेवढी टाकी हवी, आणि भरलेल्या हजार लिटरचं वजन एक टन असतं हे विसरून कुणी लाकडी मांडवावर टाकी ठेवू नये. प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी छत धुऊन येतं, पहिले ४०-५० लिटर बाहेर सोडून द्यायची सोय करा. पिण्यासाठी उकळून किंवा फिल्टर करूनच.

प्रतिसाद

तुमच्या तारांच्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं दिसत नाही.

बॅटरी १५ मीटरवर ठेवून १२ व्होल्ट खोलीत आणू नका. दोन पंखे आणि दिवे मिळून ८८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ७ अँपिअरच्या वर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ३० मीटरला दीड व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो. दिवे मलूल, पंखा रेंगाळणार. त्यापेक्षा बॅटरी आणि कंट्रोलर खोलीत ठेवा, आणि लांबचा पल्ला पॅनेलच्या चढ्या व्होल्टेजवर करा. पॅनेलच्या मागचं लेबल वाचून आकडे इथे टाकाल का? त्या पीडब्ल्यूएमबद्दल शंका आहे.

धागाकर्ती

लेबलवर व्हीएमपी (पूर्ण ताकदीवरचं व्होल्टेज) ३४, आयएमपी (तेव्हाचा करंट) ११.८, व्हीओसी (काही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज) ४१ असं आहे.

प्रतिसाद

शंका खरी निघाली. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचं व्होल्टेज खेचून बॅटरीच्या पातळीला आणतो. ११.८ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे साधारण १५३ वॅट. ४०० वॅटच्या पॅनेलमधून! उरलेलं पॅनेल तापवण्यात जातं. तो कंट्रोलर वाईट नाही, फक्त १२ व्होल्टच्या छोट्या पॅनेलसाठी आहे. एमपीपीटी (पॅनेलचं चढं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीच्या पातळीला बदलून देणारा कंट्रोलर) घ्या, इथे कंजूषपणा महागात पडेल.

दोन पॅनेल एकामागे एक जोडा. ६८ व्होल्ट होतात, करंट तेवढाच, तीच तार पुरते आणि तूट चार टक्क्यांच्या आत राहते. मात्र उघड्या सर्किटला ८२ व्होल्ट होतील, थंड सकाळी त्याहून जास्त. कंट्रोलर निदान १०० व्होल्टचा हवा, १५० चा मिळाला तर निश्चिंत. बॅटरी २४ व्होल्टची घ्या, दिव्या-पंख्यांसाठी २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावा.

आणि घरातला नेहमीचा एसी ब्रेकर डीसीला लावू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, ब्रेकर उघडूनही जळत राहते. डीसीचाच ब्रेकर, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, अगदी वीतभर अंतरावर फ्यूज. याला पर्याय नाही.

प्रतिसाद

एवढं सगळं ठीक. बांधायच्या आधी चार रात्री तिथे तंबू ठोकून राहा. वारा कुठून येतो, सकाळचं ऊन कुठे पडतं, पाऊस पडला की पाणी कुठून वाहतं, हे कागदावर दिसत नाही. मी नाही राहिलो, आणि माझं दार बरोबर वाऱ्याच्या तोंडावर आहे. दहा वर्षं रोज आपटतंय.

धागाकर्ती

ताजी खबर. परवा तीन रात्री राहून आलो (चौथ्या रात्री तंबूने माघार घेतली). दोरी सोडली: काठापासून पाणी साडेआठ मीटर खाली, आणि पाणी दोन मीटर खोल. म्हणजे फुकटचा पंप गेला. आता पाण्यात सोडायचा छोटा डीसी पंप बघतेय, तो थेट पॅनेलवर दुपारी चालेल. पाणी वरच्या झाडांजवळ जमिनीवरच ठेवलेल्या टाकीत चढवायचं, म्हणजे स्टँडचा खर्च नाही. नळापेक्षा टाकी तीन मीटर उंच भरते. तेवढ्यात बादली भरेल ना?

पावसाची एक सरही आली. पाणी नेमकं आम्ही खोलीसाठी खुंट्या ठोकल्या होत्या तिथून वाहत गेलं. खुंट्या आठ मीटर बाजूला सरकवल्या, संडास विहिरीच्या विरुद्ध टोकाला गेला. पीडब्ल्यूएम कुणाला छोट्या पॅनेलसाठी हवा असेल तर सांगा.

प्रतिसाद

तीन मीटर म्हणजे ०.३ बार. बादली भरेल, शॉवर रडेल. एक इंची पाइप टाका, अर्ध्या इंचीत तेवढाही दाब घर्षणात जातो. गॅसचा गीझर मात्र एवढ्या दाबावर बहुधा पेटणार नाही, पाणी चुलीवरच तापवा. आणि चूल आत मांडणार असाल तर धुराडं छताच्या वरपर्यंत न्या, निखारे ठेवून दार लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धागाकर्ती

चूल बाहेर ओसरीत, ठरलं. वाऱ्याची दिशा टिपून आणली आहे, दार दुसऱ्या बाजूला.